पोट कुठे टेकेल? फुल-साइज पिकअप कच्च्या वाटेवर जोखताना

फुल-साइज पिकअप कच्च्या वाटेवर किती चालेल, याचं उत्तर हौद्याच्या कडेला चिकटवलेल्या स्टिकरवर नसतं. एफएक्स-४ (फोर्ड), झेड-७१ (शेवरोले), टीआरडी ऑफ-रोड (टोयोटा) ही कंपन्यांची पॅकेजं कामाची आहेत. त्यांत थोडे बरे शॉक ॲब्सॉर्बर, पोटाखाली संरक्षक पत्रे, उतारावर गाडी आवरून धरणारी यंत्रणा आणि बऱ्याचदा मागच्या एक्सलला लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) मिळतो. पण गाडीची लांबी, रुंदी आणि वजन त्यामुळे कमी होत नाही, आणि अमेरिकेतल्या कच्च्या वाटांवर हाफ-टन ट्रक (फुल-साइजमधला सगळ्यात हलका वर्ग) अडतो तो बहुतेक वेळा या तिघांपायीच. म्हणून मी ट्रक जोखतो तो मोजपट्टी, वजनकाटा आणि एखादी साधी तिरकी घळ घेऊन. मापं घेतो ती गाडी भरलेली असताना. छापील पत्रकातले कोन रिकाम्या, नव्याकोऱ्या ट्रकचे असतात; आपण निघतो ते चार माणसं, पाणी, तंबू आणि हत्यारं घेऊन.

इथले आकडे माझ्या ट्रकचे आहेत: क्रू कॅब (चार दारांची), साडेपाच फुटी हौदा, १४५ इंच व्हीलबेस, पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, मागे अखंड एक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग), एक्सल रेशो ३.५५. एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० आणि टुंड्रा यांच्या चार दारांच्या, आखूड हौद्याच्या आवृत्त्या १४४ ते १४८ इंचांत बसतात, त्यामुळे हिशेब फारसा बदलत नाही. रॅम १५००ला आणि २०२२पासूनच्या टुंड्राला मागे पाट्यांऐवजी कॉइल आहेत, एवढा फरक लक्षात ठेवायचा.

मोजायला लागण्याआधी एक गोष्ट बघून घ्यावी, विशेषतः जुना ट्रक घेताना. दारावर ‘फोर बाय फोर’ लिहिलंय म्हणजे लो रेंज (अगदी सावकाश पण जोर लावून चालायचा गिअरचा टप्पा) असेलच असं नाही. काही हाफ-टन ट्रकमध्ये ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणारी पेटी) एकाच वेगाची असते. टू-हाय, ऑटो आणि फोर-हाय मिळतं, फोर-लो नाही. डॅशबोर्डवरच्या गोल खुंटीवर किंवा बटणांवर फोर-लो दिसत नसेल तर खडकाळ चढ-उतारांचा विषय तिथेच संपवावा. बर्फ, ओली माती, खडीचा रस्ता यासाठी तो ट्रक उत्तम आहे, पण दगडांच्या पायऱ्यांसाठी नाही. फोर-लो असेल तर तो खरोखर लागतो का ते पाहावं: गाडी थांबवायची, न्यूट्रल करायची, फोर-लो निवडायचा आणि दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर होईपर्यंत वाट बघायची. दिवा नुसताच लुकलुकत राहिला तर ट्रान्सफर केसवरची मोटर किंवा पुढच्या एक्सलचा ॲक्च्युएटर अडकतोय. वर्षानुवर्षं फोर-व्हील न वापरलेल्या ट्रकमध्ये हे हमखास होतं. महिन्यातून एकदा खडीच्या रस्त्यावर मैलभर फोर-हायमध्ये चालवलं की टळतं. कोरड्या डांबरावर मात्र हा व्यायाम करू नये. पार्ट-टाइम ट्रान्सफर केसमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधलेला असतो, वळताना दोन्हींना वेगळं अंतर कापायचं असतं, आणि तो ताण कुठेच जिरत नाही. गाडी वळणात अडखळत उड्या मारायला लागते ती त्यामुळेच.

आता मोजपट्टी. सपाट काँक्रीटवर गाडी उभी करायची, टायरमध्ये दाराच्या चौकटीवर लिहिलेली हवा, हौद्यात नेहमीचं सामान, आणि आत माणसं बसवता आली तर उत्तमच. मग आडवं होऊन गाडीखाली बघायचं. सगळ्यात खाली असतो मागच्या डिफरन्शियलचा (दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा, जमिनीपासून साधारण नऊ इंच. पत्रकात ‘ग्राउंड क्लिअरन्स’ म्हणून छापतात तो सहसा हाच आकडा. पण मला जास्त काळजी असते ती त्याच्या पुढच्या भागाची: ट्रान्सफर केसखालचा आडवा बार, एक्झॉस्टचा नळकांडा, दरवाज्याखालचा काठ आणि पायऱ्या. गोळा चाकांबरोबर वर-खाली होतो. वाटेतला धोंडा दोन चाकांच्या मधे न घेता त्याच्यावर चाक चढवलं की गोळाही वर उचलला जातो. पोट मात्र पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध लोंबतं, आणि उंचवट्याचा माथा ओलांडताना नेमकं तेच टेकतं. माझ्या ट्रकचं पोट मधोमध बारा इंचांवर आहे.

या बारा इंचांचं मोल लांबी ठरवते. पोटाची उंची दुप्पट करायची, तिला व्हीलबेसने भागायचं, येणाऱ्या आकड्याचा व्यस्त टॅन्जन्ट काढायचा आणि त्याची दुप्पट करायची. हा झाला ब्रेकओव्हर कोन, म्हणजे पोट न टेकता ओलांडता येणाऱ्या माथ्याचा कोन. बारा आणि १४५ घातले की जेमतेम १९ अंश निघतात. टायर गोल असल्यामुळे खरा कोन थोडा जास्त भरतो, पण तुलनेसाठी हा हिशेब पुरतो. तीच बारा इंचांची उंची ९७ इंच व्हीलबेसच्या दोन-दारी रँग्लरला घाला: २८ अंश. पिकअपला तेवढा कोन हवा असेल तर पोट १८ इंचांवर न्यावं लागेल, म्हणजे आणखी सहा इंच उंच. एवढं करून ट्रक रस्त्यावर चालवण्याजोगा राहत नाही. लिफ्ट किट बघायला जाण्याआधी प्रत्येकाने ही आकडेमोड एकदा स्वतःच्या गाडीसाठी करावी, असं मला मनापासून वाटतं. फुल-साइज पिकअपचं दुखणं लांबीचं आहे, आणि लांबीवर उंची हा महागडा आणि अर्धवट इलाज आहे.

पुढचा आणि मागचा कोन (बंपर न टेकता किती तिरपा चढ किंवा उतार घेता येतो तो) मोजायला गणित नको, सरळ फळी पुरते. आठ फुटी ॲल्युमिनियमची पट्टी घ्यायची, तिचं एक टोक टायर जमिनीला टेकतो तिथे टेकवायचं, दुसरं टोक बंपरखालच्या सगळ्यात खालच्या भागाला लागेपर्यंत वर न्यायचं आणि पट्टीवर फोन ठेवून अंश वाचायचे. पुढे बहुतेक ट्रकना बंपरखाली काळ्या प्लॅस्टिकची झालर असते. महामार्गावर वाऱ्याचा अडथळा कमी करून थोडं पेट्रोल वाचवणं एवढंच तिचं काम, आणि पुढचा कोन तीच खाते. सहा-आठ बोल्ट किंवा क्लिपांनी लावलेली असेल तर कच्च्या वाटेआधी काढून गॅरेजमध्ये ठेवावी. काही नव्या ट्रकमध्ये ही झालर मोटरने आपोआप खाली येते. तिथे मॅन्युअल वाचल्याशिवाय हात घालू नये. मागे खालचा भाग म्हणजे हिचचा (ट्रेलर जोडायच्या सोयीचा) चौकोनी रिसिव्हर. त्यात बॉल माउंट तसाच राहिलेला असेल तर मागचा कोन चार-पाच अंशांनी सहज घटतो. चर ओलांडताना तोच आधी जमिनीत घुसतो आणि नांगरासारखा गाडी धरून ठेवतो. कच्ची वाट सुरू होण्याआधी तो काढून हौद्यात बांधायचा, हा नियम मी मोडत नाही. पाट्यांवरचा ट्रक ७००–८०० पाउंड टाकल्यावर मागे दीड-दोन इंच बसतो, म्हणून मागचा कोन भरल्या गाडीचाच खरा मानायचा.

वजनाचा हिशेब मात्र बरेच जण टाळतात, आणि नेमका तोच गाडी मोडतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्ट्याचं लेबल असतं: माणसं आणि सामान मिळून एवढ्या पाउंडांच्या वर नको. हा त्या विशिष्ट ट्रकचा आकडा आहे. जाहिरातीतला ‘कमाल’ आकडा बहुधा दोन-दारी, साध्या सीटच्या ट्रकचा असतो. समजा लेबलावर १,५०० आहे. चार मोठी माणसं ६८०. हौद्यावरची टोपी २००. वीस गॅलन पाणी १६७. पुढचा लोखंडी बंपर आणि विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) २३५. छतावरचा तंबू १५०. जॅक, फावडं, दोर, कॉम्प्रेसर, हत्यारं १२०. झाले १,५५२, आणि जेवणखाण, कपडे, फ्रिज अजून बाहेरच आहेत. टाकीतलं पेट्रोल कर्ब वेटमध्येच (रिकाम्या गाडीच्या वजनात) धरलेलं असतं, ते पुन्हा मोजायला नको. मागाहून लावलेली प्रत्येक वस्तू मात्र सामानातच धरायची. अंदाजावर न राहता महामार्गावरच्या ट्रक स्टॉपमधल्या कॅट काट्यावर गाडी न्यावी. पुढची चाकं एका फलाटावर, मागची दुसऱ्यावर. पावतीवर दोन्ही एक्सलचं वजन वेगळं येतं. ते दारावरच्या पुढच्या-मागच्या एक्सलच्या मर्यादांशी ताडून बघायचं. लोखंडी बंपर आणि विंचमुळे पुढचा एक्सल मर्यादेला टेकलेला आणि मागे जागा शिल्लक, असं चित्र बऱ्याचदा दिसतं. मग पाणी आणि हत्यारं मागच्या एक्सलच्या वर, शक्य तितकी खाली बांधायची. टेलगेटपाशी टाकलेलं वजन मागच्या एक्सलवर स्वतःपेक्षा जास्त भार टाकतं आणि पुढचा हलका करतं. चढावर स्टिअरिंग हातात राहत नाही.

रिकाम्या पिकअपची तऱ्हा उलटी. इंजिन पुढे, हौदा मोकळा, त्यामुळे वजनाचा निम्म्याहून बराच जास्त वाटा पुढच्या चाकांवर. ओल्या गवतावर किंवा बोटी उतरवायच्या शेवाळलेल्या उतारावर टू-व्हीलमध्ये मागची चाकं लगेच फिरायला लागतात. यात ट्रकचा दोष काही नाही. फोर-व्हील घसरण्याआधी लावायचा, घसरल्यावर नाही.

टायरबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण गोळ्याची उंची वाढवणारी ती एकमेव गोष्ट आहे. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला की गोळा एक इंच उचलला जातो. कारखान्याचे २७५/६५ आर १८ म्हणजे सुमारे ३२ इंच. २७५/७० आर १८ म्हणजे ३३ पेक्षा किंचित जास्त. २७५/६५ आर २० म्हणजे ३४. यातला मधला मला फुल-साइजसाठी सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. १८ इंची रिमवर रबराची भिंत जास्त उंच मिळते, आणि हवा कमी केल्यावर दगडाभोवती वाकते ती भिंतच. वीस इंची रिम दिसायला भारी असते, पण ३४ इंची टायर घालूनही तिच्यावर अठरापेक्षा कमी भिंत उरते आणि दगडावर रिम लवकर दुमडते. ३२ वरून ३४ वर गेलात तर स्पीडोमीटर सहा टक्के कमी दाखवतो: काटा ६० वर, गाडी जवळजवळ ६४ वर. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये टायरचा आकार बदलून घ्यावा, नाहीतर गिअर बदलण्याची वेळही चुकते.

पी-मेट्रिक (प्रवासी गाड्यांच्या वर्गाचे) टायर काढून ई लोड रेंजचे एलटी (जास्त भार पेलणारे, जाड) टायर लावले की दोन गोष्टी बदलतात. प्रत्येक चाक दहा-पंधरा पाउंडांनी जड होतं, आणि तेवढाच भार पेलायला त्याच मापाच्या टायरला जास्त हवा लागते; दारावरचे ३५ पीएसआय तिथे कमी पडतात. रस्त्यासाठी हवा ठरवायला खडूची रेघ बरी. टायरच्या रुंदीभर खडूची जाड पट्टी ओढायची आणि सपाट डांबरावर थोडं अंतर सरळ चालवायचं. मधलीच रेघ पुसली तर हवा जास्त, कडांची पुसली तर कमी. भरल्या ट्रकवर पुढे-मागे वेगवेगळे आकडे येतात, तेच लिहून ठेवायचे. कच्च्या वाटेवर मी खडी आणि पन्हाळी रस्त्यावर २५ ते २८, खडकावर १८ ते २२, रेतीत १५ ते १८ ठेवतो. पंधराच्या खाली बीडलॉक रिमशिवाय (टायरची कड आवळून धरणाऱ्या रिमशिवाय) जाऊ नये: जड ट्रक रेतीत जोरात वळवला की टायर रिमवरून सुटतो. हवा काढल्यावर टायर फारसा रुंद होत नाही, त्याचा ठसा लांब होतो, आणि पकड वाढते ती त्या लांबीमुळे. वीसच्या खाली असताना २५ मैलांच्या वर वेग नको, कारण भिंत सतत वाकून तापते. चार टायर पुन्हा भरण्याची सोय बरोबर नसेल तर हवा काढू नये. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप ३३ इंची टायरपुढे दमतो; थेट बॅटरीला चिमटे लावायचा कॉम्प्रेसर हवा.

स्टेपनी त्याच व्यासाची पाहिजे. एका एक्सलवर दोन वेगळ्या मापांची चाकं लावून फोर-व्हील किंवा लॉकर चालवला तर ताण थेट डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसवर जातो. मोठा टायर हौद्याखालच्या जागेत बसतो का, आणि बसला तरी एक्झॉस्टला किंवा पाट्याच्या टोकाला घासतो का, हे टायर घेण्याआधीच बघावं. आणखी एक चाचणी दुकानदार सहसा करत नाही: नवीन टायर लावून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, आणि तसंच वळवलेलं ठेवून एक पुढचं चाक फूटभर उंचवट्यावर. सपाटीवर न घासणारा टायर तिथे चाकाच्या खोबणीच्या मागच्या कोपऱ्यात किंवा मडफ्लॅपला लागतो. रिव्हर्समध्येही एकदा बघायचं; तेव्हा टायर खोबणीत किंचित सरकतो.

लेव्हलिंग किटचं आकर्षण सगळ्यांनाच. कारखान्यातून ट्रक नाकाशी दोन इंच खाली येतो, कारण मागे भार टाकल्यावर तो सपाट व्हावा. पुढच्या स्ट्रटवर एक इंचाचा ठोकळा घातला की नाक साधारण दोन इंच उचललं जातं, कारण स्ट्रट कंट्रोल आर्मवर चाकापेक्षा बराच आत बसलेला असतो. पुढचा कोन सुधारतो, टायरला जागा मिळते, इथवर ठीक. पण मागचा गोळा होता तिथेच राहतो, आणि पुढच्या चाकाची खाली लोंबायची जागा कमी होते. चाक पूर्ण लोंबलं की वरचा आर्म कॉइलला टेकायला लागतो, सीव्ही शाफ्टचा (पुढचं चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो, रबरी बूट आधी घासतो, मग फाटतो आणि ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसतं. दोन इंचांवर मी थांबतो. लगेच व्हील अलाइनमेंट करून घ्यायची आणि हेडलाइट खाली करायचे. नाक उचललं की समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो.

आता गिअर. क्रॉल रेशो म्हणजे सगळ्यात सावकाश चालताना चाकाच्या एका फेरीला इंजिनच्या किती फेऱ्या होतात तो आकडा: पहिला गिअर गुणिले ट्रान्सफर केस गुणिले एक्सल. फोर्डच्या दहा-गिअर पेटीचा पहिला गिअर ४.६९६, लो रेंज २.६४, एक्सल ३.५५: उत्तर ४४. रॅमच्या आठ-गिअर पेटीला ३.९२ चा एक्सल असेल तर जवळपास ४९. जीएमच्या दहा-गिअर पेटीला २.७२ ची लो रेंज आणि ३.२३ चा एक्सल असेल तर ४१. पत्रकात हे एका ओळीत सहसा नसतं, पण गुणाकार कोणालाही करता येतो. ४४ चा अर्थ असा: ३३ इंची टायरवर, इंजिन १,५०० फेऱ्यांवर असताना ट्रक ताशी साडेतीन मैलांच्याही आत सरकतो. पाच हजार पाउंडांहून जड गाडी दगडाच्या पायरीवरून उतरवताना हाच वेग लागतो, ब्रेकवर पाय न दाबता. फोर-हायमध्ये तोच उतार घेतला तर ब्रेक तापतात आणि पुढची चाकं घसरतात.

खरी परीक्षा तिरक्या घळीत होते. रस्त्याला आडवा नाही, तिरपा गेलेला फूटभर खोल चर शोधावा, आजूबाजूला मऊ माती असलेला. त्यात ट्रक सावकाश घातला की डावं पुढचं आणि उजवं मागचं चाक वर चढतं, उरलेली दोन लोंबकळतात. आधी टू-व्हील, मग फोर-हाय, मग फोर-लो, शेवटी लॉकर, याच क्रमाने त्याच जागी बघायचं, म्हणजे आपल्या ट्रकमध्ये काय काम करतं ते उघड होतं. उघड्या (लॉक नसलेल्या) डिफरन्शियलवर लोंबणारी दोन चाकं नुसती गरगरतात. मग ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं. खालून कर्र-कर्र आवाज येतो, पेडल थरथरतं. बहुतेक लोक याच क्षणी घाबरून ॲक्सिलरेटर सोडतात आणि गाडी अडते. पाय स्थिर ठेवून इंजिन १,५०० च्या आसपास दोन-तीन सेकंद धरलं तर ताकद दुसऱ्या चाकाकडे जाते आणि ट्रक हळूच निघतो. लॉकरला ही वाट बघावी लागत नाही, पण तो घळीत शिरण्याआधी, गाडी सरळ असताना लावायचा. चाक फिरत असताना बटण दाबू नये. लॉकर लावून ट्रक सरळच जाऊ पाहतो, त्यामुळे वळण आलं की काढायचा. जीएमच्या काही ट्रकमध्ये बटण नसलेला स्वयंचलित लॉकर येतो; कमी वेगात दोन मागच्या चाकांच्या फिरण्यात बराच फरक पडला की तो खटकन लागतो. त्याला चाक थोडं फिरू द्यावं लागतं, हे माहीत नसेल तर लॉकर बिघडलाय असं वाटतं.

सस्पेन्शन किती वाकतं याचा आकडाच हवा असेल तर २० अंशांच्या रॅम्पवर एक पुढचं चाक चढवत न्यायचं, कुठलंही दुसरं चाक उचलेपर्यंत. रॅम्पवर चढलेलं अंतर भागिले व्हीलबेस गुणिले हजार. १४५ इंचांचा ट्रक ६० इंच चढला तर ४१४. फुल-साइजला मोठे आकडे मिळत नाहीत, कारण भागायला व्हीलबेसच मोठा आहे. दोन पिकअपची आपसात तुलना करायला मात्र हा आकडा चांगला.

रेतीत गिअरबॉक्सच्या तापमानावर डोळा ठेवावा. जड ट्रक हाय रेंजमध्ये रेती ढकलत राहिला की टॉर्क कन्व्हर्टर घसरत राहतो आणि तेल तापतं. साधारण २०० अंश फॅरनहाइट नेहमीचं. २३० च्या पुढे गेलं की मी थांबून न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवतो, मग फोर-लोमध्ये पुढे. केप हॅटरस नॅशनल सीशोरवर गाडी किनाऱ्यावर न्यायला परवाना लागतो, आणि हवेचा गेज, फावडं, जॅक व जॅकखाली ठेवायची फळी बरोबर असणं तिथे सक्तीचं आहे. ही यादी कुठल्याही रेतीसाठी बरोबर आहे. त्यातली फळी लोक विसरतात, आणि फळीशिवाय जॅक रेतीत निव्वळ बुडतो.

अडकलेला फुल-साइज ट्रक काढणं हे लहान गाडी काढण्याहून वेगळं काम आहे. भरलेला ट्रक सात हजार पाउंडांच्या घरात जातो. विंच त्याच्या दीडपट हवी, म्हणजे साडेदहा हजार. बाजारात बारा हजाराची मिळते, तीच घ्यावी. विंचवर छापलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते; प्रत्येक थराला ती घटते, म्हणून दोर जास्तीत जास्त सोडून ओढायचं. ताणणारा कायनेटिक दोर सात-अष्टमांश ते एक इंच जाडीचा. पुढे कारखान्याचे हुक असतात का ते बघा. काही ट्रिममध्ये ते नसतातच, नुसती भोकं असतात. मागे रिसिव्हरमध्ये शॅकलचा (दोर अडकवायच्या कडीचा) ठोकळा पिनने बसवून ओढायचं. हिचच्या बॉलला दोर कधीही लावायचा नाही. तो झटका सोसायला बनवलेला नाही. तुटला की तोफगोळ्यासारखा समोरच्या काचेतून आत येतो, आणि यात माणसं मेली आहेत.

वाट निवडताना रुंदी बघतो. अंग ८० इंच, आरसे उघडे धरले तर ९६. युनायटेड स्टेट्स फॉरेस्ट सर्व्हिसचा मोटर व्हेइकल यूज मॅप फुकट मिळतो. कुठली वाट कुठल्या गाडीला, कुठल्या महिन्यांत खुली आहे ते त्यावर कळतं. ५० इंचांपर्यंतच्याच गाड्यांसाठी राखलेल्या वाटा त्यात वेगळ्या दाखवलेल्या असतात. तिकडे पिकअप वळवायचाच नाही. कॅनियनलँड्समधला व्हाइट रिम रोड, सुमारे १०० मैलांचा, परवाना घेऊन करायचा आणि लो रेंज असलेल्या साध्या पिकअपला जमणारा. मर्फी हॉगबॅक आणि हार्डस्क्रॅबल हिल हे दोन चढ तेवढे निगुतीने घ्यायचे. कोलोरॅडोतला १३,११४ फुटांवरचा इमोजीन पास रुंदीने परीक्षा बघतो, कारण समोरून गाडी आली तर कोणाला तरी कड्याच्या बाजूने रिव्हर्स जावं लागतं. ब्लॅक बेअर पासच्या टेल्युराइडकडच्या उतारावरच्या चिमटीसारख्या वळणांवर मी १४५ इंचांचा ट्रक नेणार नाही, कितीही लॉकर असले तरी. ट्रकला पूर्ण वळायला ४५ ते ५० फुटांचं वर्तुळ लागतं. तिथे प्रत्येक वळण दोन-तीन वेळा मागेपुढे करून घ्यावं लागतं आणि खाली उघडी दरी.

परतल्यावर, हवा भरून झाली की चाकांचे नट टॉर्क रेंचने बघायचे. या वर्गातल्या बऱ्याच ट्रकना १३० ते १५० फूट-पाउंड लागतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. चाक काढून बसवलं असेल तर ५० ते १०० मैलांनी पुन्हा एकदा. गाडीखाली जाऊन पत्र्यांवरचे ताजे ओरखडे बघायचे: ट्रक कुठे टेकतो हे मोजपट्टीपेक्षा ते खरं सांगतात, आणि पुढच्या वेळी कुठला पत्रा जाड हवा तेही त्यावरून ठरतं. सीव्ही बूट, टाय रॉडची टोकं, ब्रेकच्या नळ्या, पाट्यांचे यू-बोल्ट. चाकाच्या मध्यापेक्षा खोल पाण्यातून गेला असाल तर डिफरन्शियलचा बुचाचा बोल्ट काढून बोटाने तेल बघायचं. तापलेला गोळा थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जा-ये करायच्या नळीतून) किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी काढून नवीन भरायचं, आणि ब्रीदरची नळी इंजिनच्या उंचीपर्यंत वर नेऊन बांधायची.